कुणासाठी, कुणासाठी नाही

आत्याचं तोंड म्हणजे काय सांगावं! पुस्तकांच्या दुकानात नोकरीला होती म्हणून निभावलं. एखाद्या दवाखान्यात असती तर माणसं आजाराआधी तिच्या बोलण्यानेच गेली असती. दुकानात सगळे तिला आत्या म्हणायचे. मालक तिच्याहून वयाने मोठे, तेही आत्याच म्हणायचे. ती खरोखर कुणाची आत्या आहे का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

दुकानात शिरलं की समोरच एक उभं कपाट लागायचं. वर पाटी, ‘आमची निवड’. दुकानातल्या प्रत्येकाने आपली पुस्तकं तिथे लावायची आणि प्रत्येक पुस्तकाखाली स्वतःच्या अक्षरात एक कार्ड चिकटवायचं. कार्डावर दोनच ओळी. पहिली, कुणासाठी. दुसरी, कुणासाठी नाही. ही दुसरी ओळ मालकांच्या डोक्यातून निघालेली. त्यांचं म्हणणं, ‘हे पुस्तक सगळ्यांसाठी आहे’ असं जो सांगतो तो एकतर लबाड असतो किंवा त्याने पुस्तक उघडलेलं नसतं.

बाकीचे ती दुसरी ओळ भीतभीत लिहायचे. लहान मुलांसाठी नाही, घाईत असलेल्यांसाठी नाही, असलं काहीतरी गुळमुळीत. आत्याची दुसरी ओळ वाचायला मात्र लोक वाट वाकडी करून यायचे. एका बड्या माणसाच्या आत्मचरित्राखाली तिने लिहिलं होतं, ‘कुणासाठी नाही: लेखकाच्या बायकोसाठी. तिने एकदा भोगलंय, पुन्हा वाचायला कशाला लावता?’ स्वयंपाकाच्या एका गुळगुळीत पुस्तकाखाली, ‘कुणासाठी नाही: ज्यांना संध्याकाळी खरोखर जेवायचंय.’ आवडलेलीच पुस्तकं लावायची हा नियम होता, तो आत्याने केव्हाच मोडीत काढला होता. नावडलेलंही लावायचं, पण तोंडावर सांगून लावायचं, असा तिचा खाक्या. आणि गंमत अशी की ती नावडलेलीच जास्त खपायची.

उगाच कशाला खोटं बोला, तिला माणूस कळायचा. नवऱ्याने टाकलेली एक बाई एकदा काउंटरशी येऊन नुसतीच उभी राहिली. काय हवंय तेही तिला सांगता येईना. आत्याने तिच्या हातात एक खुनाची कादंबरी ठेवली. म्हणाली, “नवरा तिसऱ्याच पानावर मरतो. पुढे नाही आवडली तरी चालेल.” ती बाई तिथेच खो खो हसत सुटली आणि पुढे दर महिन्याला यायला लागली. लग्न ठरलेल्या मुलाला प्रवासवर्णन, भांडकुदळ म्हातारीला आणखी भांडकुदळ म्हातारीची गोष्ट, अशी आत्याची मात्रा असायची आणि ती लागू पडायची.

पण एवढी पुस्तकं ती वाचायची कधी? तर नाहीच वाचायची! तिची एक रीत होती. पहिली दहा पानं, मधली दहा, शेवटची दहा. त्यावर निकाल. “माणूस घरात कसा शिरतो, जेवायला कसा बसतो आणि निघताना काय बोलतो, एवढं बघितलं की पुरे. त्याच्याबरोबर अख्खा जन्म काढायची काय गरज?” असं ती छातीठोकपणे सांगायची. दुकानातही आणि घरीही.

घरी ऐकायला तिचे अहो होते. तिचे अहो कवळ्या बनवायचे. गॅलरीतल्या टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी हिरड्यांचा डबा आणि पेटीत रंगाप्रमाणे लावलेले दात. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, अहो बसून घासायचे. मितभाषी माणूस. रात्रीच्या जेवणाला आत्या त्या दिवसाची कार्डं म्हणून दाखवायची आणि अहो हसायचे. इतके हसायचे की कधीकधी त्यांना ठसका लागायचा. आत्याच्या प्रत्येक ओळीचं पहिलं गिऱ्हाईक तेच. दुकानाला काय मिळायचं ते दुसऱ्या दिवशी.

हे अहो गेली कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून कादंबरी लिहीत होते. आत्याला ठाऊक होतं, पण तिने त्यात कधी नाक खुपसलं नाही. कुणाला भिंतीवर चित्रं लावायची हौस असते, ह्यांना ही, असं तिचं मत. आणि एके दिवशी ती कादंबरी छापून आली की हो! एका छोट्या प्रकाशकाने काढली. गठ्ठा दुकानात येऊन पडला, मालकांनी पाठ थोपटली, आणि अहोंनी त्या रात्री जेवताना भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत विचारलं, “कपाटात लावशील ना?”

“बघू.”

“कार्ड तू लिही. दुसऱ्या कुणाचं नको.”

बस, एवढंच मागणं. दुसरं काही नाही. वर्तमानपत्रात चार ओळी याव्यात, कुणी हार घालावा, असलं त्या माणसाच्या मनातही नव्हतं. जी बाई अख्ख्या गावाला सांगते काय वाचायचं, तिने एकदा आपल्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात, एवढी एकच आस. रोज रात्री विचारायचे, “लावलंस का?” आत्या म्हणायची, “पुस्तक आहे का लोणचं, बरणीत घालून लगेच लावायला?” अहो हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

दुकानात वेगळाच तमाशा चालला होता. तिथे एक विक्रेता होता, जाडजूड विचारांची पुस्तकं विकायचा म्हणून त्याला सगळे प्राध्यापक म्हणायचे. आत्याच्या कार्डांपुढे ह्याची कार्डं कुणी बघायचं नाही, त्याची सल त्याच्या मनात चांगलीच मुरलेली. तो आल्यागेल्याला सांगत सुटला, “आता बघा मजा. आत्या नवऱ्याच्या पुस्तकावर काय लिहितात ते बघा. घरचं कार्य आहे म्हटल्यावर जीभ कशी मऊ होते बघाच.” नेहमीची गिऱ्हाइकंही मग विचारायला लागली, “आत्या, आलं का घरचं कार्ड?”

झालं! आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली जीभ मऊ? ज्या जिभेतून मंत्रीसंत्री सुटले नाहीत, ती नवऱ्यापुढे लुळी पडेल?

दुपारच्या मोकळ्या वेळात तिने मागच्या खोलीत गठ्ठ्यावर बसून पुस्तक उघडलं. पहिली दहा पानं. नदीवर सूर्य उगवत होता आणि उगवतच होता. वाक्यं एकाच मापाची, कवळीतल्या दातांसारखी, एक इकडे नाही की तिकडे नाही. मधली दहा. तिथे नायक आयुष्य म्हणजे काय यावर बोलत होता, आणि ऐकणारा पळून कसा जात नव्हता कोण जाणे. शेवटची दहा. पुन्हा नदी, पुन्हा सूर्य, आता मावळणारा. आत्याने पुस्तक मिटलं. तिला वाईट वाटलं का? वाटलं, क्षणभर. मग ओळ सुचली. आणि ओळ सुचल्यावर आत्याला दुसरं काही सुचत नसे.

कार्ड लागलं ते असं:

‘कुणासाठी: तुमच्या घरात कुणी कादंबरी लिहायला बसलं असेल, तर त्याला वेळीच थांबवण्यासाठी.
कुणासाठी नाही: बाकी कुणासाठीच.’

प्राध्यापकाने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. मालक म्हणाले, “आत्या, घरी चालेल का हे?” आत्या म्हणाली, “घरी सगळ्यात जास्त हसतील.” आणि तिला ते खरंच वाटत होतं, हीच तर तिची कमाल. इतकी वर्षं तो माणूस दुसऱ्यांवर हसत होता, तेव्हा स्वतःवरही हसेल, असा सरळ हिशोब. रात्री अहोंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लावलं.”

“काय लिहिलंस?”

 एरवी कार्ड म्हणून दाखवल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे ती म्हणाली, “या की बघायला.”

“नको सांगूस,” अहो म्हणाले. “मी येऊनच वाचतो.”

सुट्टीच्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, खिशाला पेन. पेन कशाला, तर कुणी सही मागितलीच तर. कपाटापुढे गर्दी होती, कारण कार्डाची बातमी एव्हाना गावभर झाली होती. एक तरुण जोडपं ते मोठ्याने वाचत होतं आणि हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होतं. अहो त्यांच्या मागे उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं.

आत्या काउंटरवरून बघत होती. आता हसतील, ती मनात म्हणाली. आणि अहो हसले. पण ठसका लागला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण प्राध्यापक कसला गप्प बसतोय? लांबूनच ओरडला, “अहो मंडळी, हेच ते लेखक! तुमच्या मागेच उभे आहेत!”

मग काय, सगळे वळले. कुणी ओशाळलं, कुणी टाळ्या वाजवल्या. एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने पुस्तक उचललं आणि पुढे केलं. “सही द्या ना. माझा मेव्हणा लिहितो हो, छळ मांडलाय नुसता. त्याच्यासाठी लिहा, ‘वेळीच थांब’.”

अहोंनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वेळीच थांब’, आणि खाली सही केली. मग दुसऱ्याला भावासाठी हवं होतं. तिसरीला सासऱ्यांसाठी. रांगच लागली की! अहो एकेकाला विचारत होते, “नाव काय घालू?” आणि तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होते. आत्या गिऱ्हाइकांना पिशव्या देत होती. ती एकदाच त्यांच्याकडे बघून म्हणाली, “बसायला खुर्ची देऊ का?” ते म्हणाले, “नको, उभ्याने होतंय.”

घरी जाताना वाटेत म्हणाले, “चांगलं लिहिलंयस. एक शब्द जास्तीचा नाही.” आत्या सुखावली. मेलीला तेवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल मोकळं दिसायला लागलं. दुसऱ्या कादंबरीचे कागद होते तिथे, अर्ध्यावर आलेली होती म्हणे, ते गेले. त्यांच्या जागी गॅलरीतले साचे आत आले. आत्याला वाटलं, बरं झालं, गॅलरी मोकळी झाली, कपडे वाळत घालायला. काय बोलावं अशा बाईला!

पुस्तक मात्र धडाधड संपलं. प्रकाशक हरखला, दुसरी आवृत्ती काढायची म्हणाला, आणि त्याला एक भन्नाट कल्पना सुचली. आत्याच्या दोन ओळी पुस्तकाच्या मागच्या पानावर छापायच्या. मोठ्या अक्षरात. त्याने दोघांना विचारलं. आत्या म्हणाली, छापा की. अहो म्हणाले, तिची हरकत नसेल तर माझी काय असणार?

आणि मग ती नर्सबाई आली. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, ड्यूटीवर चहाच्या वेळात वाचायची. आत्या देईल ते डोळे मिटून न्यायची. तीही चेष्टेसाठीच ते पुस्तक भावासाठी घेऊन गेली होती, पण द्यायच्या आधी स्वतः वाचलं. काउंटरवर पुस्तक ठेवून ती म्हणाली, “आत्या, फटीच्या बाईचं प्रकरण वाचलंत?”

“वाचलं,” आत्या म्हणाली. न वाचलेल्या पुस्तकावर हो म्हणायची सवयच होती तिला.

“मग ते कार्ड कुणी लिहिलं? मी तीन वेळा वाचलं ते प्रकरण. एकदा वाचताना पेशंटसमोर रडले, लाज वाटली मला. तुमच्या शब्दावर आजवर शंभर पुस्तकं नेली असतील. आता मला प्रश्न पडलाय, माझी किती चांगली पुस्तकं तुम्ही मारलीत.” आणि ती काही न घेता निघून गेली. पुस्तक मात्र आठवणीने पिशवीत घालून गेली.

आत्या मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. अकरावं पान उघडलं.

काय सांगू तुम्हाला! अकराव्या पानावर नदी संपली आणि माणसं आली. एक म्हातारी गायिका कवळी करायला येते आणि म्हणते, पुढच्या दोन दातांत माझ्या फट होती, ती तेवढी ठेवा, नाहीतर माझा आवाज माझा वाटणार नाही. दात करणारा तिला समजावतो, फट म्हणजे दोष, लोक फट बुजवायला येतात. ती ऐकत नाही. मग तो आठवडाभर बसून ती फट घडवतो. कवळी घालून बाई एकच सूर लावते, आणि तो जागचा हलत नाही. बस, एवढंच प्रकरण. ना सूर्य, ना आयुष्याचा अर्थ. वाक्यं वाकडीतिकडी, धावती, श्वास घेणारी. आत्या वाचत गेली. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

पुढे त्या दात करणाऱ्याची बायको आली. जिभेची तिखट. लेखकाने तिला कुठेही सोडलं नव्हतं, की कुठेही दुष्टावा केला नव्हता. एका जागी लिहिलं होतं, ‘ती बोलायचं ते बोलून टाकी. मग रात्री ओट्याशी उभी राहून तेच मनात पुन्हा बोले, जरा मऊ करून. पण तोवर ऐकणारा घरी निघून गेलेला असे.’

आत्याने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. ती हे करायची. रोज करायची. हे कुणाला माहीत आहे असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

मधली दहा पानं आली तेव्हा पुन्हा ते लाकडी प्रवचन. ती ओलांडली की पुन्हा माणसं. आत्याला काही केल्या उलगडेना की एकाच हाताने हे दोन्ही कसं लिहिलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिने पुस्तक संपवलं, बाहेर येऊन भर दुकानात कपाटावरचं कार्ड फाडलं आणि मालकांना न सांगता घरी निघाली.

अहो टेबलाशी बसले होते. हातात वरची कवळी, कानस चालू.

“अहो, मी वाचलं.”

“काय?”

“तुमचं पुस्तक. सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

कानस थांबली नाही. “बरं.”

“बरं काय? फार चांगलं आहे हो! ती फटीची बाई, ती तुमची दात करणाऱ्याची बायको... मी मूर्ख आहे. गेल्या कितीतरी वर्षांत इतकं चांगलं माझ्या हातात आलं नाही.” आणि इथेही तिची जीभ थांबायची नाही ती नाहीच. “फक्त ती पहिली दहा, मधली दहा आणि शेवटची दहा सोडली तर. ती कशी हो अशी मेलेली?”

आता कानस थांबली. अहोंनी कवळी खाली ठेवली, हात पुसले.

“ती तुझ्यासाठी लिहिली होती,” ते म्हणाले. “तू तेवढंच वाचतेस, हे मला ठाऊक नाही का? रोज जेवताना सांगत आलीस. पहिली दहा पानं मी किती वेळा लिहिली याला गणती नाही. लिहायचो, घासायचो, पुन्हा लिहायचो. तुला कुठे टोचू नये म्हणून. बाकीचं काय, हात चालला तसा चालू दिला. ते तू थोडंच वाचणार होतीस.”

आत्या समोरच्या खुर्चीत बसली. तिला रडू आवरेना. लग्नात रडली नव्हती इतकी रडली. अहो उठले, पाण्याचा पेला भरून तिच्यासमोर ठेवला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले.

“मी नवीन कार्ड लिहिते. आत्ता लिहिते. बघाच तुम्ही.”

“नको.”

“का नको? मनापासून लिहीन हो!”

“तुला आता वाईट वाटतंय, म्हणून पुस्तक चांगलं वाटतंय. त्या दिवशी तुला काही वाटत नव्हतं. ते खरं होतं.” आवाज जराही चढला नाही. चढला असता तर आत्याला बरं वाटलं असतं. “तू लोकांना कशी पटवतेस हे मी इतकी वर्षं ऐकतोय. मला नको पटवूस. मी गिऱ्हाईक नाही.”

“आणि ती दुसरी? ती अर्धी राहिलेली?”

“थांबलो ना. वेळीच.”

टोमणा असता तर तिने उलट मारला असता. टोमणा नव्हता. तो माणूस खरंच तसं मानत होता. तिचाच शब्द त्याने प्रमाण धरला होता, आणि तो शब्द खोडायला तिच्यापाशी दुसरा, त्याहून खरा शब्द उरला नव्हता.

“निदान मागच्या पानावरच्या ओळी तरी काढायला सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते.”

“आता कसं काढणार? दुकानांनी पुस्तक त्या ओळींसाठीच मागवलंय. प्रकाशक म्हणाला, ओळी नसतील तर कुणी घेणार नाही.” त्यांनी साच्यांच्या मागून एक जाड कागद काढून तिच्यासमोर ठेवला. पुस्तकाचं मागचं पान. वर तिच्या दोन ओळी, बोटाएवढ्या अक्षरांत. खाली रेघ मारून तिचं पूर्ण नाव, आणि त्याखाली, ‘लेखकाची पत्नी’. “उद्या छापायला जातंय. तुझं नाव तेवढं बरोबर आहे का बघून घे. माझ्याकडून चूक नको राहायला.”

अहोंनी कवळी उचलली आणि दिव्याजवळ धरून घासायला घेतली. आत्याने पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि कागद जवळ ओढून बघितलं.

नाव बरोबर होतं.